चार बोटांनिशी महाप्याला

माझ्या उजव्या हाताला चार बोटं आहेत. अंगठ्याशेजारचं बोट बाविसाव्या वर्षी कडबाकुट्टीने नेलं. कडबाकुट्टी म्हणजे जनावरांसाठी कडब्याची ताटं बारीक कापणारं यंत्र. ताटं आणि बोटं यांत ते भेदभाव करत नाही. पुढे बार्शीच्या एका हायस्कुलात प्रयोगशाळा सहायक म्हणून लागलो, निवृत्त होईपर्यंत परीक्षानळ्या धुतल्या, आणि इन्स्पेक्टर आले की नेमके न होणारे प्रयोग पाहिले. पोरं मागून मला ‘नवाचा पाढा’ म्हणायची. एवढ्या वर्षांत त्या नसलेल्या बोटाने माझं कुठलंच काम केलं नाही, ते साहजिकच होतं. यंदा मात्र त्याच्याच नावाने नवी मुंबईचं बोलावणं आलं, तेही जाण्यायेण्याच्या तिकिटासकट.

बोलावणारी माझी भाची, प्राजक्ता. ती महाप्याच्या एका कंपनीत आहे. ही कंपनी मनगटाला बांधायचा एक पट्टा बनवते. डोळ्यांवर घोड्याच्या झापडासारखा मोठा गॉगल चढवायचा, मनगटाला पट्टा बांधायचा आणि हवेत बोटं हलवायची. मग गॉगलात दिसणाऱ्या खोट्या जगातली बटणं दाबली जातात, दारं उघडतात, वस्तू उचलल्या जातात. माझी बायको हे ऐकून म्हणाली, “हवेत बटणं दाबायचा पगार मिळतो? इथं विहिरीवरच्या मोटारीचं खरं बटण दाबायला माणूस मिळत नाही.”

प्राजक्ताने फोनवर सगळं समजावलं. “मामा, एका कारखान्याला आमचा पट्टा हवाय. प्रेस मशीन असते ना, पत्र्यावर ठोका मारणारी, ती कामगारांना गॉगलात शिकवायची. खोट्या मशीनवर हात बसला की खऱ्या मशीनवर बोटं जात नाहीत. पण त्यांचे साहेब म्हणतात, ज्यांची बोटं आधीच गेलीत त्यांनी कसं शिकायचं? तसल्या हातावर चालवून दाखवा. गुरुवारी दाखवायचंय. चाललं तर ऑर्डर मिळेल आणि मी कायम होईन. नाही चाललं तर आमची टीमच बंद.”

“आणि टीम बंद झाली तर?”

“तर बार्शी. पप्पांनी कापडदुकानात माझ्यासाठी खुर्ची धरून ठेवलीय.”

मी विचारलं, एवढ्या कारखान्यांच्या मुलखात एक बोट गेलेला माणूस मिळेना? ती म्हणाली, दिघ्यातल्या एका ठेकेदाराकडे चौकशी केली होती. त्याने सांगितलं, माणसं आहेत, पण येणार कुणी नाही. हात कुठे नोंदला गेला आणि सुपरवायझरच्या कानावर गेलं तर मशीनवरून काढतील, अशी त्यांना धास्ती आहे. म्हणजे त्या भागात ज्यांची बोटं गेली आहेत ते हात खिशात घालून फिरतात, आणि ज्याला आता कुणाच्या बापाची भीती नाही असा एकच हात बार्शीत पेन्शन खात बसलाय. मी पिशवी भरली.

मंगळवार, सानपाडा

आमच्याकडे पत्ता विचारला की माणूस तुमच्या आजोबांपासून सुरुवात करतो आणि शेवटी चहा पाजून दारापर्यंत सोडतो. नवी मुंबईत तशी पद्धत नाही. रिक्षावाला म्हणाला, “सेक्टर बोलो, काका.” मी म्हणालो, हिराबाईंच्या घरी जायचंय. तो म्हणाला, “हिराबाई नाम का सेक्टर नहीं है.” शेवटी प्राजक्ताला फोन लावून त्याच्या कानाला दिला, तेव्हा कुठे रिक्षा हलली.

हिराबाई प्राजक्ताची घरमालकीण. सानपाड्याचं जुनं गाव सेक्टरांच्या मधोमध अंग चोरून उभं आहे, त्यात तिची चार मजली इमारत. शेत शहराला गेलं, राहिलेल्या तुकड्यावर मजले चढले. मजल्या-मजल्यावर कॉम्प्युटरवाली पोरं-पोरी भाड्याने राहतात, आणि सत्तरीची मालकीण तळमजल्यावर दारात बसून सुके बोंबील निवडते.

“ये दादा, बस. पोरीचा मामा ना तू?” तिने पाण्याचा तांब्या पुढे केला. तो घेताना तिची नजर माझ्या हातावर गेली. “बोट कवा गेला?”

“बावीस वर्षांचा होतो.”

“काय करतानी?”

मी कडबाकुट्टीचं सांगितलं. ती निवडता निवडता थांबली. “मंग त्या दिशी बैलांना चारा घातला का नाय?”

“घातला. भावाने घातला.”

“घातलाच पायजे. त्या मुक्या जीवांचा काय दोस हाय?”

चाळीस वर्षांत या बोटाबद्दल मला लोकांनी नाही नाही ते विचारलं. बैलांबद्दल विचारणारी ही पहिली. मला ती तिथेच आवडली.

जेवायला वांगं घालून केलेले सुके बोंबील, सुकटीची चटणी आणि तांदळाची भाकरी. आमची ज्वारीची भाकरी थापायला लागली की शेजारच्या घरात कळतं. हिराबाईची भाकरी ओल्या हाताने गुपचूप होते आणि चंद्रासारखी पांढरी निघते. तिखटाच्या बाबतीत बार्शीच्या माणसाला जरा घमेंड असते. सुकटीच्या दुसऱ्या घासाला माझी उतरली. मी डोळे पुसतोय हे पाहून ती म्हणाली, “पानी पिऊ नको, भात खा.” माझी फजिती बघायला वरच्या मजल्यावरचे दोन भाडेकरू जिन्यात थांबले होते.

बुधवार, महापे

महाप्याला डोंगराच्या पायथ्याशी काचेच्या इमारती आहेत आणि त्यांच्या पाठीला पाठ लावून पत्र्याच्या शेड. काचेतली माणसं गळ्यात ओळखपत्रं अडकवून चहाला बाहेर येतात, शेडमधली माणसं त्याच टपरीवर हात पुसत येतात. चहा एकाच किटलीतला, पण उभं राहायच्या जागा वेगळ्या. डोंगराचा एक अंगठा खडीवाल्यांनी कधीच उडवलाय. हे मला लगेच दिसलं. असल्या गोष्टी मला लगेच दिसतात.

कंपनीच्या दाराशी बोटाचा ठसा घेणारं यंत्र होतं. वॉचमन म्हणाला, “काका, उजव्या हाताचं पहिलं बोट ठेवा.”

“ते बार्शीला राहिलं.”

तो यंत्राकडे बघत राहिला, मग माझ्याकडे, मग त्याने टेबलाखालून वही काढली. हवेतली बोटं ओळखणाऱ्या कंपनीत माझा प्रवेश निळ्या शाईने झाला.

आत खोल्यांना किल्ल्यांची नावं. ‘रायगडा’चा एसी बंद होता म्हणून आम्ही ‘तोरण्या’वर बसलो. प्राजक्ताचे साहेब रोहन सर. वय तिशीच्या आत, पायात चपला आणि तोंडात सदा ‘एक्सपीरियन्स’. चहासुद्धा त्यांच्याकडे पीत नाहीत, त्याचा एक्सपीरियन्स घेतात.

“काका, वेलकम! तुमचा हात ना, एकदम युनिक आहे. आमी असा हात अजून टेस्टच नाय केला. तुमी फक्त रिलॅक्स करा, बिलकूल टेन्शन नको.”

युनिक! एकजण ‘डिफरंट’ म्हणाला, दुसरी ‘स्पेशल’. बोट तुटलंय असं त्या खोलीत कुणी म्हणेना, आणि हाताकडे सरळ बघेना. पट्टा आजवर कुणाकुणाच्या हातावर चालवला, असं मी विचारलं, तर कळलं की ऑफिसातल्या सगळ्यांच्या. मी ते हात पाहिले. त्यांनी आयुष्यात जड असं काही उचललं असेल तर लॅपटॉपची बॅग. प्रेसवरच्या कामगारांसाठी बनवलेल्या वस्तूने एकाही कामगाराचा हात बघितला नव्हता, आणि याचं कुणाला काही वाटतही नव्हतं.

आधी त्यांनी मला एक तारांचा हातमोजा घातला. हा त्यांचा जुना शोध. पट्टा रुसला तर असावा म्हणून ठेवलेला. मोज्याला बोटं पाच. एक कप्पा रिकामा लोंबायला लागला, तसा रोहन सरांनी त्यात टिश्यू पेपर आणि मार्करचं टोपण कोंबलं. “जुगाड,” ते म्हणाले. मग गॉगल.

गॉगलात मी एका कारखान्यात उभा होतो. समोर प्रेस, शेजारी हिरवं बटण. बटण दाबलं की प्रेस खाली येते. माझं कागदी बोट ताठच्या ताठ, ते काही वाकेना. जिकडे वळेन तिकडे बटणाला लागे आणि प्रेस खाली येई. धाड. मी दचकून मागे सरलो की पुन्हा धाड. अकरा वेळा झालं.

“काका, बोट खाली घ्या ना!”

“माझं असतं तर घेतलं असतं!”

तिकडे कुणीतरी हसायला लागलं आणि मोजा निघाला. मग प्राजक्ताने स्वतः माझ्या मनगटावर पट्टा बांधला. आतल्या बाजूला धातूच्या बारीक टिकल्या होत्या, थंड लागल्या. हा पट्टा बोटं बघत नाही, ती म्हणाली, हातातल्या स्नायूंमधून जो नखाएवढा विजेचा इशारा जातो तो ऐकतो. “मामा, डोळे मिटा आणि एकेक बोट हलवल्यासारखं करा. जमेल तसं.”

मी डोळे मिटले, केलं, आणि उघडले.

समोर एक हात होता. राखाडी रंगाचा, खिडकीच्या काचा बसवायच्या लांबीचा गोळा थापून केल्यासारखा. मला आधी वाटलं दुसऱ्या कुणाचा तरी आहे, कारण त्याला पाच बोटं होती. मी मूठ वळली, त्याने वळली. मग अंगठ्याशेजारचं बोट एकट्याने वाकवायचं मनात आणलं. कडबाकुट्टीनंतर हे मी कितीदा केलंय ते कुणाला सांगितलेलं नाही. थंडीत ते नसलेलं बोट अजून खाजतं, हे बायकोला एकदा सांगितलं होतं, ती हसली, तेव्हापासून तो विषयच बंद. तर मी ते वाकवलं, आणि ते वाकलं.

मला रडू आलं. गॉगलात रडायची सोय चांगली आहे, पाणी कडेच्या स्पंजात मुरतं आणि बाहेर कुणाला कळत नाही.

याचं कारण साधं होतं. बोट खेचणारा स्नायूचा दोर पंज्यात नसतो, कोपराखाली असतो. कडबाकुट्टीने बोट तोडलं, दोर तिथेच राहिला आणि चाळीस वर्षं बिचारा खेचत राहिला. मेलेल्या बेडकाच्या पायाला बॅटरी लावली की पाय उडतो, हे मी पोरांना दरवर्षी मांडून द्यायचो. माझ्या स्वतःच्या हातात तेच चाललंय, हे काही ध्यानात आलं नव्हतं.

“अरे यार,” रोहन सर म्हणाले, “एरर आहे.” त्यांच्या फॉर्मवर माझी चार बोटं लिहिली होती आणि पट्टा पाच सांगत होता. आता फॉर्म खरा की पट्टा? ऑफिस कुठलंही असो, फॉर्मच खरा. “उद्या त्यांचे साहेब बोलतील, तुमी रेकॉर्ड केलेला व्हिडिओ दाखवताय. या काकांना बोट नाय आणि स्क्रीनवर आहे, कोण विश्वास ठेवेल? प्राजक्ता, ते बोट उडव.”

प्राजक्ताने माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा मला वाचता येतो, ती माझ्या अंगाखांद्यावर वाढलीय. नोकरी तिची, बोट माझं. मी म्हणालो, “उडव.”

कडबाकुट्टीला एक क्षण लागला होता. प्राजक्ताला दुपारी चार वाजेपर्यंत लागलं.

परतताना आम्ही रिक्षा केली. सानपाडा आल्यावर ती म्हणाली, “मामा, सॉरी.” मी म्हणालो, वेडी आहेस का, खोटंच तर होतं. पण मला राग आला होता, तो कुणाचा ते कळत नव्हतं, आणि त्या भरात मी हिराबाईची सुकट भात न घेता खाल्ली.

गुरुवार, महापे

कारखान्याचे साहेब ठरल्या वेळेच्या आधी पाच मिनिटं आले. मुकादम साहेब. मुरूडच्या बाजूचे कोकणी मुसलमान, सुरक्षा अधिकारी, पांढरा शर्ट, बूट जाड टाचेचे. आल्या आल्या माझ्याशी हात मिळवला. माझा चार बोटांचा हात लोक एकतर अलगद धरतात नाहीतर घाईने सोडतात. यांनी नीट धरला.

“कशात गेलं?”

“कडबाकुट्टीत.”

“आमच्याकडे प्रेस. तुमच्याकडे ती.” एवढंच बोलून ते खुर्चीवर बसले.

रोहन सरांनी अर्धा तास भिंतीवर चित्रं दाखवली. त्यात पुढची पाच वर्षं होती, सगळं जग होतं, फक्त प्रेस नव्हती. मुकादम साहेब घड्याळाकडे बघायला लागले तेव्हा मला गॉगल चढवला. मी जे बघत होतो तेच भिंतीवर सगळ्यांना दिसत होतं. राखाडी हात आला, चार बोटांचा. रोहन सर अभिमानाने म्हणाले, “बघा सर, अगदी काकांसारखाच.”

मग गॉगलात पाठ शिकवणाऱ्या बाईचा आवाज आला, “अंगठ्याशेजारच्या बोटाने हिरवं बटण दाबा.”

कुठल्या बोटाने? ते तर कालच उडवलेलं! हातातून बोट काढलं होतं, पण पाठातून काढायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मी अंगठ्याने दाबून पाहिलं, मधल्या बोटाने पाहिलं, शेवटी कोपराने. बाईचा आवाज गोडच होता. “अंगठ्याशेजारच्या बोटाने हिरवं बटण दाबा.” चणे आहेत तर दात नाहीत, त्यातली गत.

“नेटवर्क इश्यू आहे,” रोहन सर म्हणाले.

इन्स्पेक्टरसमोर प्रयोग फसला की आमचे विज्ञानाचे सर स्पिरिटच्या दिव्याला दोष द्यायचे. तोच सूर. मला पुढचं सगळं दिसायला लागलं: साहेब उठणार, नमस्कार होणार, ‘कळवतो’ म्हणणार, आणि प्राजक्ता कापडदुकानात त्या खुर्चीवर. मी गॉगलातूनच म्हणालो, “प्राजक्ता, माझं बोट परत दे.”

तिने रोहन सरांना विचारलंही नाही. कीबोर्डची टकटक ऐकू आली, कालचं काम तिने मागे फिरवलं, आणि राखाडी हाताला बोट फुटलं. मी बटण दाबलं. प्रेस खाली आली, मी हात मागे घेतला, बाई म्हणाली, “शाबास.” पाठाच्या पाचही पायऱ्या मी एका दमात केल्या. एवढा हुशार विद्यार्थी मी शाळेत कधी नव्हतो.

“हे आधीच भरून ठेवलंय का?” मुकादम साहेबांचा आवाज जवळ आला. त्यांनी माझा दंड नाही, कोपराखालचा भाग धरला. “हलवा.” मी हलवलं. कातडीखाली दोर सरकल्याचं त्यांच्या बोटांना कळलं असणार. “थांबा.” मी थांबलो. “परत.” तीन वेळा झालं. भिंतीवरचं बोट त्यांच्या शब्दाबरोबर हललं आणि थांबलं.

त्यांनी हात सोडला. “चालतंय,” ते म्हणाले. “पण मला हे नको.”

“का, सर?” हे प्राजक्ता म्हणाली.

“बाळ, मी कारखान्यात काय करतो? माणसांना मशीनची भीती घालतो. भीती संपली की बोटं जातात. यात एखाद्याचं गेलेलं बोट परत आलं, ते शेजारच्या नव्या कामगाराने बघितलं, तर तो प्रेसला कशाला घाबरेल? म्हणेल, जाऊ दे, गॉगलात मिळतंय.”

मी अजून गॉगल घालून होतो आणि खरं सांगायचं तर ऐकत कमी होतो. मूठ वळत होतो, उघडत होतो. बोट दुमडायचं, ताठ करायचं. मला तो काढावासाच वाटत नव्हता. हे ध्यानात आलं तेव्हा मी बोललो, “साहेब, तुम्ही घालायचं बघताय. काढायचं बघा.”

“म्हणजे?”

म्हणजे काय ते मलाही नीट सांगता आलं नसतं. मी गॉगल काढला आणि खाली मांडीवर पाहिलं. चार.

पहिल्या वेळी बघायला सवड मिळाली नव्हती. रक्त होतं, पळापळ होती, आई ओरडत होती. या वेळी एसी चालू होता, अंगावर स्वच्छ शर्ट होता, आणि कुणीही मला दवाखान्यात नेत नव्हतं. मला ते बघवेना. चाळीस वर्षं ज्या हाताने जेवलो त्याच्याकडे मला बघवेना, आणि तोंड फिरवावं तर खोलीभर माणसं.

मुकादम साहेब माझ्या हाताकडे बघत नव्हते. माझ्या तोंडाकडे बघत होते. मग ते रोहन सरांकडे वळले. “हे जे आत्ता झालं, ते शेवटी ठेवा. प्रत्येकासाठी. ज्यांची दहाच्या दहा आहेत त्यांच्यासाठीही. मग या माझ्याकडे.”

“शुअर सर, तो एक्सपीरियन्स आपण—”

“एक्सपीरियन्स नको,” ते म्हणाले. “एक ओळ ठेवा.”

मी शुक्रवारी बार्शीला परतलो. पट्टा, गॉगल तिथेच राहिले, अर्थात बोटही. प्राजक्ताचं कायम झाल्याचं पत्र महिन्याभराने आलं, तिने फोटो पाठवला, मी तिच्या पप्पांना कापडदुकानातली खुर्ची विकून टाका म्हणून निरोप दिला.

परवा तिचा फोन आला. पट्टा आता कारखान्यात रोज चालतो. पाठाच्या शेवटी ती बाई म्हणते, “गॉगल काढा. आता आपली बोटं मोजा.” प्राजक्ता सांगत होती, हे ऐकलं की कामगार हसतात, म्हणतात आम्हाला काय बालवाडीत बसवलंय का. हसून झालं की हात पुढे धरतात आणि मोजतात. एकही मोजल्याशिवाय उठत नाही.